एक ना धड, भाराभर ॲडॅप्टर

भिंतीवर सॉकेट एक आणि त्यावर हक्क सांगणारे चौघे, ही होस्टेलची परिस्थिती आपल्याला नवीन नाही. मग मल्टिपिन येतं, थ्री-पिनचं टू-पिन करणारं ते स्वस्तातलं खेळणं येतं आणि सगळ्यांचं भागतं. सॉफ्टवेअरमध्येही अशीच एक वस्तू असते आणि तिलाही ॲडॅप्टरच म्हणतात. आपला प्रोग्राम एकच भाषा बोलतो: ‘पैसे घे’, ‘नोंद साठव’, ‘मेसेज पाठव’. पलीकडे मात्र बँका वेगळ्या, डेटाबेस वेगळे, मोबाईल कंपन्या वेगळ्या. म्हणून प्रत्येकासाठी एक दुभाषी बसवायचा. तो आपलं तेच वाक्य त्या त्या पार्टीला समजेल अशा बेताने सांगतो. १९९४ साली चार लेखकांनी मिळून ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक काढलं, त्यात या दुभाष्याला मानाची जागा मिळाली आणि तेव्हापासून ‘ॲडॅप्टर पॅटर्न म्हणजे काय?’ हा व्हायवाचा हक्काचा प्रश्न झाला. व्याख्या सगळ्यांची पाठ असते. मला बोलायचंय ते व्याख्येनंतरचं.

दुभाषी एकटा असेल तर काही प्रश्न नाही. तीन-चार दुभाषे शेजारी शेजारी बसले की खरी गंमत सुरू होते. माझं म्हणणं साधं आहे, पण आपल्याकडे ते फार कमी जण पाळतात. त्यातल्या एकाला हात लावला की उरलेल्या सगळ्यांच्या दारात जाऊन आलंच पाहिजे. आणि ही फेरी ज्याने हात लावला त्यानेच मारायची, पुढच्या बॅचने नव्हे.

जवळच्याच एका कॉलेजच्या होस्टेलातली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण ती कुठेही घडू शकते. तिथल्या मुलांनी फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून मेस-बिलाचं सॉफ्टवेअर केलं, रेक्टरांना ते आवडलं आणि चक्क वापरात आलं. (प्रोजेक्ट सबमिशननंतरही जिवंत राहणं हे इतकं दुर्मिळ आहे, की त्यांचं आधी अभिनंदनच करायला हवं!) पैसे भरायचे तीन रस्ते होते: यूपीआय, कार्ड आणि नेट बँकिंग. म्हणजे ॲडॅप्टर तीन, फाइली तीन. महिनाअखेरीला सगळे एकदम पैसे भरायला बसायचे, होस्टेलचं नेट नेहमीप्रमाणे रडायचं आणि पलीकडून उत्तर यायला उशीर व्हायचा. उत्तर आलं नाही की प्रोग्राम समजायचा, पैसे गेले नाहीत. मग तो नवा ऑर्डर नंबर काढून पुन्हा पैसे मागायचा. प्रत्यक्षात पहिले पैसे कधीच गेलेले असायचे.

नंतरच्या बॅचमधल्या एकाने हा घोळ शोधून काढला. तक्रार यूपीआयवाल्या मुलाची होती, म्हणून त्याने यूपीआयची फाइल उघडली. दुरुस्ती खरंच उत्तम केली. उत्तर आलं नाही तर आधी त्याच ऑर्डर नंबरची चौकशी करायची आणि ‘पैसे गेले नाहीत’ असं पक्कं कळल्याशिवाय दुसऱ्यांदा मागायचं नाही. कमिट करताना मेसेज लिहिला, ‘डबल पेमेंटचा प्रॉब्लेम सुटला’. सुटला होता, पण एका फाइलीत. बाकीच्या दोन फाइली मुळात पहिलीवरून कॉपी-पेस्ट करून तयार झाल्या होत्या, त्यामुळे दोष त्यांच्यातही जसाच्या तसा होता. पुढच्या सत्रात, नेमक्या परीक्षा फॉर्मच्या आठवड्यात, नेट बँकिंगने भरणाऱ्या काही मुलांचं बिल दोनदा कापलं गेलं. पैसे परत मिळाले, नाही असं नाही, पण दहा-बारा दिवसांनी. घरून महिन्याचे पैसे मोजून येतात त्या मुलाला दहा-बारा दिवस म्हणजे काय, हे आपल्यापैकी कुणाला समजावून सांगायला नको. एकाने तर परीक्षा फॉर्म लेट फी देऊन भरला, आणि ती लेट फीसुद्धा उसनी घेतलेली!

यातली वाईट गोष्ट बघा. दुरुस्ती चुकलेली नव्हती. उलट ती इतकी बरोबर होती आणि तिच्यावरचा मेसेज इतका ठाम होता, की उरलेल्या दोन फाइली उघडून बघायचं कुणाच्या मनातच आलं नाही. रेक्टरांनी विचारलं तेव्हा मुलांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, तो बग तर मागच्याच सेमला फिक्स झालाय.”

आता कुणी म्हणेल, मग इंटरफेस कशासाठी असतो? कंपायलर काय करत होता? कंपायलर त्याचं काम करतच होता, पण ते काम एवढंच आहे: मेथडचं नाव तेच आहे का, पॅरामीटर तेवढेच आहेत का, परत येणारी वस्तू त्याच टाइपची आहे का. तिन्ही फाइलींत ‘पैसे घे’ होतं, तिन्ही ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच उत्तर द्यायच्या. यूपीआयच्या फाइलीत ‘नाही’ म्हणजे ‘चौकशी केली, पैसे गेलेले नाहीत’. कार्डच्या फाइलीत ‘नाही’ म्हणजे ‘काय झालं मला माहीत नाही’. शब्द एक, अर्थ दोन. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या व्याख्यानात आणि पुढे १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्याबरोबरच्या निबंधात हाच मुद्दा नेटका मांडला होता: एकाच्या जागी दुसरा बसवला तर वापरणाऱ्याच्या अपेक्षेला तडा जाता कामा नये. आपण तो ‘सॉलिड’मधला ‘एल’ म्हणून पाठ करतो, चौकोन आणि आयताचं उदाहरण लिहितो आणि मार्क घेऊन मोकळे होतो.

खरं उदाहरण चौकोनाचं नाहीच मुळी, ते आपल्या डेटाबेसच्या प्रॅक्टिकलमध्ये पडलेलं आहे. एक टेबल करा, त्यात व्हारचार दहाचा कॉलम ठेवा आणि पंधरा अक्षरांचं नाव भरा. पोस्टग्रेस सरळ एरर देतं. एसक्यूलाइट काहीही न बोलता पंधराच्या पंधरा अक्षरं ठेवून घेतं, कारण त्याच्या लेखी तो दहाचा आकडा शोभेचा आहे. मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये नसेल तर पाच अक्षरं कापून टाकतं आणि एक वॉर्निंग देतं, जी कुणीच वाचत नाही. (५.७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, स्ट्रिक्ट मोड सुरुवातीपासूनच चालू असतो, हे बरं झालं.) सात भागिले दोन विचारा: पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट म्हणतात तीन, मायएसक्यूएल आणि ओरॅकल म्हणतात साडेतीन. चढत्या क्रमाने यादी मागा: पोस्टग्रेस आणि ओरॅकल नल शेवटी ठेवतात, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट सुरुवातीला. आणि ओरॅकलला रिकामी स्ट्रिंग दिली तर तो तिला नलच समजतो! ‘मधलं नाव नाही’ आणि ‘मधलं नाव माहीत नाही’ यांत त्याच्या दरबारी फरक नाही.

सगळे ‘एसक्यूएल’ बोलतात म्हणे. आपण मराठी बोलतो आणि वऱ्हाडातला रूममेटही मराठीच बोलतो, पण पहिल्या आठवड्यात दोघांचे किती गैरसमज होतात ते आठवा.

अशा वेगवेगळ्या स्वभावाच्या मंडळींना एका छपराखाली सांभाळायचं कसं, हे बघायचं असेल तर जँगोचा सोर्स कोड उघडा. पायथनमधलं हे वेब फ्रेमवर्क २००५ साली बाहेर आलं आणि आपल्यातल्या निम्म्या मिनी-प्रोजेक्टांचा भार आज त्याच्यावर आहे. त्यात डेटाबेसचे ॲडॅप्टर एका फोल्डरात शेजारी शेजारी बसलेत: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल (मारियाडीबीही याच घरात राहतो), ओरॅकल आणि एसक्यूलाइट. प्रत्येकाच्या घरात एक ‘फीचर्स’ नावाची फाइल आहे. तिच्यात मला काय जमतं आणि काय जमत नाही, हे त्या ॲडॅप्टरने एकेका ओळीत कबूल केलेलं असतं. ओरॅकलच्या फाइलीत रिकामी स्ट्रिंग मी नल समजतो, अशी सरळ नोंद आहे. टेस्ट मात्र सगळ्यांना मिळून एकच. ज्याला एखादी गोष्ट जमत नाही त्याच्यापुरती ती टेस्ट वगळली जाते, पण वगळण्याचं कारण लिहून. म्हणजे गुपचूप दांडी नाही, रीतसर रजेचा अर्ज!

मला ही पद्धत फार आवडते, कारण ती ‘सगळे सारखे करा’ असा हट्ट धरत नाही. फरक राहू दे, पण तो उघड असू दे. पायथनच्या डेटाबेस जोडणीचं जे सामाईक स्टँडर्ड आहे, त्याची दुसरी आवृत्ती १९९९ सालची, त्यातही हाच विचार दिसतो. क्वेरीत किमतीची जागा दाखवायला कुणी प्रश्नचिन्ह वापरतं, कुणी टक्के आणि एस, असे पाच प्रकार त्यात मान्य आहेत. अट एकच, आपण कुठला प्रकार वापरतो हे प्रत्येक मॉड्यूलने एका ठरलेल्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये सांगायचं.

अर्थात जँगोवाल्यांनाही सगळं वेळच्या वेळी जमलं असं नाही. फॉरेन कीचंच बघा. एसक्यूलाइटने फॉरेन की खरोखर तपासायची सोय ३.६.१९ या आवृत्तीत दिली, ऑक्टोबर २००९ मध्ये. ती मुद्दाम चालू करावी लागते. पोस्टग्रेसवर जँगो ही तपासणी करवून घ्यायचा, एसक्यूलाइटवर नाही. हा फरक मिटला तो जँगो २.० मध्ये, डिसेंबर २०१७ ला. मधली आठ वर्षं, नसलेल्या विद्यार्थ्याच्या नावावर मेसची नोंद टाकली तरी लॅपटॉपवरचं एसक्यूलाइट ती निमूट ठेवून घ्यायचं, आणि डेमोच्या दिवशी तोच प्रोग्राम कॉलेजच्या सर्व्हरवर पोस्टग्रेसला जोडला की धाडकन पडायचा. मुलं म्हणायची, ‘सर, माझ्या मशीनवर चालत होतं.’ चालत होतंच, खोटं कुठे होतं त्यात! आणि फरक मिटवतानासुद्धा, जुन्या प्रोजेक्टांना टेबलं नव्याने बांधावी लागतील, हे त्या आवृत्तीच्या टिपणात सांगावं लागलं. भावंडांमधली तफावत जितकी उशिरा मिटवाल तितकी ती महाग पडते.

हा विषय आपल्या मराठीशी कसा येऊन भिडतो तेही सांगतो, कारण हे पुस्तकांत सापडत नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘देशपांडे’ या नावात काना-मात्रा-अनुस्वार धरून आठ चिन्हं होतात, म्हणजे चोवीस बाइट. वीसचा कॉलम असेल तर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल चिन्हं मोजतात, आठ आली, बसली. ओरॅकलचा साधा व्हारचार मात्र, वेगळं काही सांगितलं नसेल तर, बाइट मोजतो. चोवीस झाले, एरर! इंग्रजीत लिहिलेले देशपांडे नऊ बाइटांत आरामात बसतात, मराठीत लिहिलेले बाहेर उभे. जँगोच्या ओरॅकल ॲडॅप्टरमध्ये म्हणूनच राष्ट्रीय कॅरॅक्टर सेटचा, चिन्हं मोजणारा टाइप वापरलाय. तो ॲडॅप्टर लिहिणाऱ्याने शेजारच्या घरात ‘वीस’ या शब्दाचा अर्थ काय होतो ते जाऊन पाहिलं होतं, त्याशिवाय हे सुचत नाही.

मायएसक्यूएलची गंमत याहून वेगळी. त्याच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट मिळतात. देवनागरी नेमकी तीन बाइटांत बसते, त्यामुळे आपण मराठी मजकूर भरून टेस्ट केली की सगळं हिरवंगार. मग कुणीतरी मेसच्या तक्रारीत एक रडका इमोजी टाकतो, तो चार बाइटांचा असतो आणि तक्रार तिथेच अडते किंवा अर्धी कापली जाते. चार बाइटवाला प्रकार मायएसक्यूएलमध्ये २०१० साली आला आणि ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून, तोच ठरलेला झाला. इमोजीचं एक वेळ जाऊ द्या. आपली मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली आणि तिचीही सगळी अक्षरं चार बाइटांची आहेत. उद्या कुणी पेशवे दफ्तरातल्या कागदांची सूची मोडीत करायला घेतली आणि डेटाबेस जुना निघाला, तर ‘मराठी टेस्ट केलंय ना!’ या उत्तराचा काही उपयोग नाही. इतिहासवाल्यांबरोबर काम करायची इच्छा असलेल्यांनी हे लक्षात ठेवा.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो. या सगळ्यावर एक हुशारीचं उत्तर नेहमी मिळतं: “अरे, कॉमन कोड बेस क्लासमध्ये टाक ना, मग एकदा बदललं की सगळीकडे बदललं!” काही अंशी बरोबर आहे. मेसच्या गोष्टीत ‘आधी चौकशी, मग पुन्हा मागणी’ हा क्रम एकाच ठिकाणी असता तर मुलांचे पैसे वाचले असते. पण ॲडॅप्टर वेगळे असतात ते पलीकडची पार्टी वेगळी असते म्हणून. एका गेटवेला रक्कम पैशांत, पूर्णांकात हवी असते, दुसऱ्याला रुपयांत, दशांश चिन्हासकट. हा फरक बेस क्लासमध्ये कोंबला की तिथे ‘जर हा असेल तर, तो असेल तर’ अशी जत्रा भरते. मग तो बेस क्लास राहत नाही, धर्मशाळा होते.

बेस क्लासचा दुसरा धोका जास्त छुपा आहे. आपण इंटरफेसमध्ये एक नवी मेथड टाकतो, समजा ‘पैसे परत कर’. ती फक्त यूपीआयसाठी लिहून झालेली असते. बाकीच्या दोन फाइली एरर देऊ नयेत म्हणून बेस क्लासमध्ये तिचं रिकामं शरीर ठेवतो, ‘पास’ लिहून. झालं! आता तिन्ही ॲडॅप्टर पैसे परत करतात असं कागदावर दिसतं. कार्डवाल्याने परत मागितले की प्रोग्राम आनंदाने काहीच करत नाही आणि ‘झालं’ म्हणतो. त्यापेक्षा एरर शंभर पट बरी. जावावाल्यांनी हे चांगलं सांभाळलंय. जावा ८ मध्ये, २०१४ साली, इंटरफेसमध्येच मेथडचं शरीर देता यायला लागलं, त्यामुळे जुन्या क्लासना हात न लावता नवी मेथड घालण्याची सोय झाली. जेडीबीसीमध्ये मोठ्या रेकॉर्ड-संख्येसाठी ज्या नव्या मेथडी तेव्हा आल्या, त्यांतल्या बहुतेकांचं ठरलेलं शरीर काय करतं? ‘हे मला जमत नाही’ असं एक्सेप्शन फेकतं. जुना ड्रायव्हर जुनाच राहतो, पण खोटं बोलत नाही. जँगोच्या बेस क्लासमध्येही कितीतरी मेथडी अशाच आहेत: ही मेथड तुझ्या ॲडॅप्टरने लिहायला हवी, असं सांगून थांबणाऱ्या.

आता ‘फेरी कुणी मारायची?’ या प्रश्नाकडे येतो, कारण भांडणं इथेच होतात. लिनक्स कर्नलमध्ये याचं उत्तर ठरलेलं आहे. तिथे हजारो ड्रायव्हर एकाच सोर्समध्ये राहतात, आणि ड्रायव्हर म्हणजे दुसरं काय, कर्नल आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाषीच. कर्नलच्या आतले इंटरफेस कायम तेच राहतील असं आश्वासन तिथे कुणालाही मिळत नाही. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी लिहिलेलं याबद्दलचं एक टिपण कर्नलच्या कागदपत्रांतच आहे, बेधडक भाषेतलं आणि वाचण्यासारखं. यूएसबीची आतली रचना किमान तीन वेळा नव्याने घडवली गेली, हे उदाहरण त्यातच आहे. पण त्या बेधडकपणाच्या बदल्यात एक जबाबदारी आहे. जो इंटरफेस बदलतो त्यानेच मूळ सोर्समधले तो वापरणारे सगळे ड्रायव्हर त्याच वेळी दुरुस्त करायचे. ‘मी बदललं, आता ज्याचं त्याने बघावं’ हे चालत नाही.

हे काम हाताने करणं किती कंटाळवाणं असेल, कल्पना करा! तेच बघून ज्युलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोक्सिनेल’ नावाचं साधन तयार केलं. जुना नमुना असा, नवा असा, एवढं एकदा लिहून दिलं की ते सगळ्या फाइलींत फिरून तसे बदल करतं. फ्रेंचमध्ये कोक्सिनेल म्हणजे लेडीबग, किडे खाणारा तो ठिपक्यांचा भुंगा. नावं ठेवावीत तर अशी! यामागे गरज खरी होती. २००१ साली स्टॅनफर्डच्या मंडळींनी लिनक्सचा कोड तपासला तेव्हा काही प्रकारच्या चुका ड्रायव्हरमध्ये उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पटींपर्यंत जास्त सापडल्या होत्या.

“पण आमच्याकडे सगळे डेटाबेस कुठेत? सगळे गेटवे कुठून आणायचे?” ही अडचण खरी आहे आणि ती लिनक्सवाल्यांनाही आहे. जगातलं प्रत्येक नेटवर्क कार्ड कुणाच्या टेबलावर असणार? मग ते काय करतात, तर पॅचखाली लिहितात, ‘फक्त कंपाइल करून पाहिलंय’. चारच शब्द, पण त्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्याला कळतं की आता हार्डवेअर लावून बघायचं काम आपलं. मेसच्या सॉफ्टवेअरमधल्या त्या कमिटवर ‘फक्त यूपीआय बदललंय, कार्ड आणि नेट बँकिंग पाहिलेलं नाही’ असं लिहिलं असतं, तर लिहायला मिनीटही लागलं नसतं आणि पुढच्या बॅचला पहिल्या दिवशी काम कळलं असतं.

शिवाय टेस्टसाठी खरा गेटवे लागतोच असंही नाही. एक खोटा गेटवे लिहा, वीस-पंचवीस ओळींचा. तो पैसे घेतो, वहीत नोंद करतो आणि मुद्दाम उत्तर देत नाही. मग ॲडॅप्टरला ‘पैसे घे’ म्हणा आणि शेवटी त्या वहीत किती नोंदी आहेत ते मोजा. उत्तर एकच यायला हवं. ही टेस्ट एकदा लिहायची आणि तिन्ही ॲडॅप्टरवरून फिरवायची. पायटेस्ट असो की जेयुनिट, एकच टेस्ट अनेक वस्तूंवर चालवायची सोय दोन्हींत आहे. प्रत्येक ॲडॅप्टरसाठी खोट्या गेटवेचं तोंड थोडं वेगळं करावं लागेल, तेवढी मेहनत आहे. पण त्या मुलाने आपली टेस्ट यूपीआयपुरती न ठेवता अशी फिरवली असती, तर दोन लाल रेघा त्याच संध्याकाळी दिसल्या असत्या.

एखादा ॲडॅप्टर न बदलण्याचा निर्णयही योग्य असू शकतो, हेही सांगायला हवं. जेसॉन साठवायचं फील्ड जँगोत आधी फक्त पोस्टग्रेसच्या वेगळ्या विभागात होतं, २०१५ पासून. बाकीच्यांना ते ओढूनताणून दिलं नाही. सगळ्यांना नीट झेपेल अशी वेळ आली तेव्हा, ऑगस्ट २०२० मध्ये, ३.१ आवृत्तीत ते सगळ्यांसाठी आलं. तरीही ‘यात हे आहे का’ असा शोध ओरॅकल आणि एसक्यूलाइटवर चालत नाही, आणि ते कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय. पाच वर्षं एकटा पुढे, पण वेगळ्या खोलीत, पाटी लावून.

हल्ली कोड लिहायला एआय मदतनीस आलेत, त्यामुळे हा विषय जुना झाला असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. ‘या फाइलीतला बग काढ’ म्हटलं की तो मदतनीस त्या फाइलीतला बग झटक्यात काढतो, वर छान कमिट मेसेजही लिहून देतो. पूर्वी अशा दुरुस्तीला रात्र जायची, त्या रात्रीत निदान एकदा तरी शेजारची फाइल उघडली जायची. आता ती उघडायचं कारणच उरत नाही. ‘हाच दोष इतर दोन ॲडॅप्टरमध्ये आहे का?’ एवढं विचारलं तर तो तेही बघून देतो. पण विचारायला भावंडं आहेत हे आपल्याला माहीत तर हवं.

आणि आपल्या व्यवस्थेत ते माहीत होतच नाही. आपण प्रोजेक्टचे भाग पाडतो: यूपीआय तुझं, कार्ड माझं, नेट बँकिंग तिचं, आणि रिपोर्ट ज्याला कोडिंग येत नाही त्याचं. प्रत्येकाचा व्हायवा आपापल्या फाइलीवर होतो. एक्स्टर्नल विचारतात, ‘तू काय केलंस?’ शेजाऱ्याच्या फाइलीत काय आहे हे कुणी विचारत नाही, उलट माहीत असलं तर कॉपीचा संशय यायचा!

सर आणि मॅडम हे वाचत असतील तर विभागाला दोन विनंत्या आहेत. एक, सहाव्या सत्राच्या मिनी-प्रोजेक्टमध्ये प्रत्येक ग्रुपला किमान दोन ॲडॅप्टर सक्तीचे करा, आणि व्हायवाच्या दिवशी त्यातल्या एकात छोटासा बदल सांगून अर्ध्या तासाने दुसरा ॲडॅप्टर दाखवायला सांगा. मार्क त्या दुसऱ्याचे द्या. दुसरं म्हणजे लॅबमध्ये कोपऱ्यात एक जुनं मशीन झाकून ठेवलंय, त्याच्यावर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल टाकून ते नेटवर्कवर चोवीस तास चालू ठेवा, म्हणजे लॅपटॉपवर एसक्यूलाइट वापरणाऱ्यांना रात्री होस्टेलवरूनही आपल्या टेस्ट तिथे चालवून बघता येतील. रविवारी लॅबची किल्ली मिळाली तर आम्ही तिघं ते बसवून द्यायला तयार आहोत, फक्त कीबोर्ड चालू स्थितीतला हवा.